डोळ्याला बरं दिसतं, पण मापात आहे का?

आजचा विषय वरवर पाहता छंदाचा वाटेल. एखाद्या वस्तूची लहान प्रमाणातली प्रतिकृती, म्हणजे स्केल मॉडेल, आपण बनवतो. ते चांगलं जमलं की नाही, हे ठरवायचं कसं? घरचे म्हणतात, "छान झालंय." शेजारी म्हणतात, "अगदी खऱ्यासारखं!" पण घरच्यांच्या कौतुकातून हात सुधारत नाही. मग कशातून सुधारतो? इतिहासात या प्रश्नाची उत्तरं अशा लोकांनी दिली, ज्यांचं मॉडेल चुकलं तर काहीतरी मोठं बिघडणार होतं. म्हणून आपण तिकडूनच सुरुवात करू.

पहिला मुक्काम फ्रान्स. १६६८ मध्ये चौदाव्या लुईचा युद्धमंत्री लूव्वा याने सीमेवरच्या तटबंदीच्या शहरांची मॉडेलं करवून घ्यायला सुरुवात केली. यातल्या बहुतेकांचं प्रमाण एकास सहाशे. म्हणजे सहाशे फुटांचं अंतर टेबलावर एक फुटाचं. नुसतं चित्र असतं तर 'तट उंच आहे' एवढंच कळलं असतं. इथे मात्र राजा आणि त्याचे सेनापती पॅरिसमध्ये बसून तोफ कुठे लावावी, टेकडीवरून तट दिसतो का, खंदक किती रुंद, हे मोजू शकत होते. त्यामुळे ही मॉडेलं लष्करी गुपित मानली जात. आज त्यांतली बरीच पॅरिसच्या अँव्हालिद वास्तूत पाहायला मिळतात. यातून आपल्याला पहिली कसोटी मिळते: मॉडेलवर पट्टी ठेवली आणि हिशेब केला, तर उत्तर खरं येतं का?

दुसरा मुक्काम दुसऱ्या महायुद्धाचा. ६ सप्टेंबर १९३९, इंग्लंडनं युद्ध पुकारून तीनच दिवस झालेले. चुकीच्या इशाऱ्यामुळे ब्रिटिश विमानं आकाशात झेपावली आणि त्या गोंधळात स्पिटफायर विमानांनी आपल्याच हरिकेन विमानांवर गोळीबार केला. दोन हरिकेन पडली, एक तरुण वैमानिक गेला. इंग्रजीत ही घटना 'बार्किंग क्रीकची लढाई' या उपरोधिक नावानं ओळखली जाते. कारणं अनेक होती, पण लांबून विमान ओळखता न येणं हे त्यातलं एक. आपलं कोणतं, परकं कोणतं, हे काही सेकंदांत सांगता आलं पाहिजे, ही गरज त्यानंतर सगळ्यांच्याच लक्षात आली.

१९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं यासाठी एक वेगळाच मार्ग काढला. शाळांतल्या मुलांना आवाहन केलं: आम्हाला विमानांची पाच लाख मॉडेलं हवीत. पन्नास प्रकार, प्रत्येकी दहा हजार. लाकडाची, काळ्या रंगाची, एकास बहात्तर प्रमाणातली. आता हे बहात्तरच का? एक इंच म्हणजे सहा फूट, हिशेबाला सोपं. शिवाय मॉडेल पस्तीस फुटांवर धरलं, तर ते साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. पस्तीस गुणिले बहात्तर करून बघा, अडीच हजार फूट येतात. म्हणजे वर्गखोलीतच आकाश आणता आलं.

आणि काळा रंग का? रंग, चिन्हं, चकाकी सगळं काढून टाकलं की उरतो तो फक्त आकार. पंखाचा कोन, नाकाची लांबी, शेपटीची ठेवण. चुका लपवायला जागाच नाही! मुलांना नकाशांबरोबर टेम्प्लेट मिळत, म्हणजे पुठ्ठ्यावर कापून घ्यायच्या बाह्याकृती. घासलेलं लाकूड त्या टेम्प्लेटला लावून बघायचं. फट दिसली की पुन्हा घासायचं. तपासणीत उतरलं तरच मॉडेल नौदलाकडे जायचं आणि मुलाला मानद हुद्द्याचं प्रमाणपत्र मिळायचं.

इथे शिकवण्याची पद्धत कशी आहे बघा. मुलाला 'तुझा हात कच्चा आहे' असं कुणी म्हणत नाही. फट कुठे आहे ते टेम्प्लेट दाखवतं. 'वाईट झालं' यातून पुढे काय करायचं ते कळत नाही. 'डावा पंख टोकाशी जाड आहे' यातून कळतं. ही दुसरी कसोटी: चुकीला जागा आणि माप देता आलं पाहिजे.

युद्धानंतर प्लॅस्टिकचे किट घरोघरी गेले. एकास बहात्तर हे प्रमाण आधीपासून होतंच, ते छंदात पक्कं रुजलं. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये प्लॅस्टिक मॉडेलकारांची संघटना स्थापन झाली आणि पुढे ती देशोदेशी पसरली. या मंडळींच्या स्पर्धांतलं परीक्षण नवख्याला चक्रावून टाकतं. आधी बघतात ते अगदी साधं: जोडाची रेघ दिसते का, दोन्ही पंख सारख्या कोनात आहेत का, चाकं जमिनीला टेकतात का, डिंकाचे डाग आहेत का. बारीक नक्षीकाम आणि रंगातली करामत त्यानंतर. पाया कच्चा असेल तर वरची कलाकुसर तारत नाही. ही तिसरी कसोटी.

आता आपल्या अंगणात येऊ. दिवाळीचा किल्ला हे आपलं घरोघरचं मॉडेल. त्याला या कसोट्या लावून बघू. बाजारातला मावळा समजा तीन इंचांचा. माणूस साडेपाच फूट धरला, तर प्रमाण झालं एकास बावीस. या हिशेबानं पंधरा फुटी दरवाजा आठ इंचांचा हवा आणि तीस फुटी बुरूज सोळा इंचांचा. आपला बुरूज असतो चार-पाच इंचांचा, त्यामुळे मावळा बुरुजावरून सहज उडी मारेल! आणि रायगडाची समुद्रसपाटीपासूनची सुमारे ८२० मीटर उंची याच प्रमाणात करायची, तर सदतीस मीटर, जवळजवळ बारा मजली इमारत होईल.

म्हणून किल्ला करू नये का? जरूर करावा. काल्पनिक किल्ल्याची मजा वेगळी, हुबेहूब प्रतिकृतीची वेगळी. आपण यांतलं काय करतोय, हे आधी ठरवावं. प्रतिकृती करायची असेल तर माती कालवण्याआधी प्रमाण कागदावर लिहावं आणि मावळे त्या मापाचे करावेत, नाहीतर ठेवूच नयेत. झाल्यावर वरून आणि बाजूनं फोटो काढून गडाच्या नकाशाशेजारी ठेवावेत. तीन फरक शोधून लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी ते तीनच सुधारायचे. एकदम तीस सुधारायला गेलं, की एकही धड होत नाही.

फोटो मात्र जपून ठेवा. दरवर्षीचे शेजारी लावले, की हात कुठे सुधारला आणि कुठे अडलाय, ते कुणाला विचारावं लागणार नाही. आता प्रश्न घेऊ या.