प्रवासी आणि अडत्या
प्रवास पुरातन आहे. प्रवासाचा व्यापार मात्र आगगाडीचे अपत्य होय. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक या मद्यपाननिषेधाच्या प्रचारकाने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसे एकेका शिलिंगात आगगाडीने नेली. पुढे त्याच्या पेढीने तिकीट, निवास व भोजन यांची एकत्र तजवीज करण्याची पद्धत रूढ केली. १८८१ मध्ये मुंबईतही कचेरी थाटली.

कायद्याच्या दृष्टीने या अडतीचे मर्म असे, की गिऱ्हाईक मोल आधी मोजते आणि माल मागाहून मिळतो. मधल्या काळात त्याच्या हाती असते केवळ वचन. १९७४ मध्ये ब्रिटनची कोर्ट लाइन कंपनी बुडाली, तेव्हा कोठे पुढील वर्षी पार्लमेंटने प्रवाशांसाठी राखीव निधीचा कायदा केला.

१९९६ मध्ये एक्सपीडिया महाजालावर तिकिटे विकू लागली. दुकान गेले, आगाऊ पैसे मोजण्याची रीत राहिली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी कुकची ब्रिटिश पेढी कोसळली. परदेशी अडकलेले सुमारे दीड लाख प्रवासी सरकारी व्यवस्थेने घरी पोहोचले. परंतु उधारीवर खोल्या देणाऱ्या हॉटेलवाल्यांना त्या निधीचा आधार नव्हता. कुकची विमाने गोव्यालाही येत. त्या हंगामात ती आली नाहीत. वचन मोडल्यास तोटा कोणी सोसावा, हा प्रश्न ज्याने आधी विचारला, तोच वाचला.