‘चाळण’ म्हणजे नेमकी किती?

बोईसर-चिल्हार रस्त्याने पावसाळ्यात रिक्षाने जा, रस्ता कसा आहे ते कंबर सांगते. पण कंबर पुरावा म्हणून चालत नाही. इतकी वर्षं बातमीत ‘रस्त्याची चाळण’ लिहीत आलोय. एकदा एका साहेबांनी विचारलं, "चाळण म्हणजे किती?" तेव्हा राग आला. प्रश्न मात्र बरोबर होता.

उत्तर जुनंच आहे. बंप इंटिग्रेटर नावाचं यंत्र आहे, जीपमागे ओढायची एकचाकी गाडी. वेग ताशी ३२ किलोमीटर. चाक किती खालीवर झालं त्याची बेरीज होते आणि दर किलोमीटरला इतके मिलिमीटर असा आकडा येतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत बिटुमिनस काँक्रीटचा रस्ता २००० च्या आत असला तर चांगला, ३००० च्या वर गेला की खराब असं धरलं होतं. झाली ना चाळणीची व्याख्या!

भानगड एकच. गाडी बदलली, स्प्रिंग थकली की आकडाही बदलतो. म्हणून १९८२ मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने ब्राझीलमध्ये निरनिराळ्या देशांची यंत्रं त्याच त्या रस्त्यांवर फिरवली. त्यातून सगळ्यांना चालेल असं एक माप ठरलं, ते आयआरआय.

पुढे खिशात फोन आला. फोन आडवा केला की चित्र फिरवणारा सेन्सर गचकाही ओळखतो. २००८ मध्ये बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चने ‘नेरिसेल’मध्ये हेच केलं (तो फोन हॉर्नही ऐकायचा, आपल्याकडे बिचारा दमला असता). २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या मंडळींनी ‘वुल्वरिन’ मांडलं. म्हणजे हे काम पवईत, आपल्या दाराशीच झालंय.

त्याच सुमारास अमेरिकेत बोस्टन पालिकेने खड्डे टिपणारं अॅप काढलं. तेव्हा दिसलं की ज्या वस्तीत स्मार्टफोन जास्त, तिथले खड्डे जास्त! आपल्याकडे तसंच केलं तर तारापूर एमआयडीसीतला रस्ता नोंदला जाईल, जव्हार-मोखाड्यातल्या पाड्याचा नाही. तिथे फोन आपणच न्यायला हवा.

फोनचा आकडा सरकारी मापाची जागा घेणार नाही. पण तीच गाडी, तोच वेग, डॅशबोर्डला घट्ट बांधलेला फोन, आणि डागडुजीच्या आधी व नंतर एकेक फेरी, एवढं केलं तर फरक पडला की नाही ते कळतं. चिल्हार फाट्यापर्यंत रोज टेम्पो नेणारं कुणी इथे असेल तर कमेंटमध्ये सांगा. पहिली फेरी गणपतीआधी करू.