गाडीवान आणि त्याची जोडी

शहराचें जीवन कोणाच्या खांद्यावर उभें आहे, हें पुष्कळदां तो खांदा दुखावल्यावांचून कळत नाहीं. अमेरिकेंतील शहरांना याचा प्रत्यय १८७२ सालीं आला.

त्या काळीं आगगाडी माल स्टेशनापर्यंत आणी. तेथून तो वखारींत, दुकानांत आणि घरोघरीं पोंचविण्याचें काम घोड्यांच्या गाड्यांकडे असे. दूध, पाव, बर्फ, कोळसा, सारें गाडीवानाच्या हातूनच दारांत येई. दूधवाल्याचा घोडा तर वाट इतकी ओळखे, कीं गाडीवान एका दारांत दूध देऊन बाहेर येई तों हा आपण होऊन पुढच्या दारापाशीं जाऊन उभा राही.

१८७२ च्या सप्टेंबरअखेर कॅनडांत टोरांटोच्या आसपास घोड्यांमध्यें तापखोकल्याची सांथ सुरू झाली. थोड्याच आठवड्यांत ती बोस्टन व न्यूयॉर्क येथें पोंचली. दगावलेले घोडे थोडे. पण आजारी पडले बहुतेक सारेच. ट्रामगाड्या थांबल्या, धक्क्यांवर माल सांचला. कोठें बैल जुंपले, कोठें माणसांनींच गाड्या ओढल्या. ९ नोव्हेंबर रोजीं बोस्टनला भयंकर आग लागली, तेव्हां बंबही माणसांनाच ओढीत न्यावे लागले. त्या आगींत ७७६ इमारती भस्मसात झाल्या.

घोड्याचें मोल असें सर्वांना कळलें. गाडीवानाचें कळण्यास आणखी तीस वर्षें लागलीं. १९०० च्या सुमारास तो दिवसाचे १२ ते १८ तास राबे आणि त्याला रोज मिळे सुमारें दोन डॉलर. माल हरवला वा फुटला तर भरपाई त्याची. गिऱ्हाइकानें पैसे बुडविले तरी भुर्दंड त्यालाच. अखेर १९०३ सालीं नायगरा फॉल्स येथें दोन संघटना एक होऊन या गाडीवानांचा मोठा संघ उभा राहिला. दोनच वर्षांनीं शिकागोंत त्यांचा संप शंभराहून अधिक दिवस चालला. त्यांत २१ माणसें प्राणांस मुकलीं आणि संपही फसला. पण संघ टिकला.

पुढें मोटारलॉरी आली आणि जोडी रस्त्यावरून गेली. लॉरीचा वेग मोठा खरा. परंतु धन्याची चाल ओळखून पुढच्या दारीं जाऊन उभें राहण्याचा गुण तिच्या अंगीं नव्हता. संघाचे सभासद मोटारी हांकूं लागले, तरी त्यांनीं आपलें जुनें नांव टाकलें नाहीं. ‘टीमस्टर’ म्हणजे जोडी हांकणारा. त्या संघाच्या चिन्हावर आजही दोन घोड्यांचीं मस्तकें आहेत. ज्यांच्याबरोबर पोट भरलें, त्यांना कष्टकऱ्यांनीं दिलेला हा मान आहे.