पूर्वपक्षापासून ग्रामगीतेपर्यंत

ज्याचे मत वेगळे आहे त्याला पटवायचे, तर त्याला आधीपासून मान्य असलेल्या गोष्टीवरूनच बोलायला सुरुवात करावी, ही रीत मराठीत फार जुनी आहे. शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडला जाई. समोरच्याचे म्हणणे त्यालाही ‘हेच माझे म्हणणे’ असे वाटेल इतक्या नेटकेपणाने सांगायचे आणि मगच उत्तरपक्षाला हात घालायचा, असा तो शिरस्ता होता. पंडितांच्या सभेतली ही शिस्त ओवी आणि कीर्तनामुळे गावात उतरली. श्रोत्याची शंका वक्त्यानेच बोलून दाखवायची आणि उत्तर श्रोत्याच्याच अनुभवातून काढायचे, हे कीर्तनकाराचे मुख्य कसब ठरले.

या रीतीला फळ हमखास येते असे मात्र नाही. १८७० साली पुण्यात विधवाविवाहावर मोठा शास्त्रार्थ झाला. सुधारक विष्णुशास्त्री पंडित यांच्या बाजूने सुधारणेचे समर्थन धर्मशास्त्राच्या आधारावरच केले गेले. दोन्ही पक्षांना स्मृती मान्य होत्या, तरी निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. ग्रंथ समान असला तरी त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार मूठभरांच्या हाती होता. ज्यांचे आयुष्य पणाला लागले होते त्या विधवांना त्या सभेत आवाजच नव्हता. पुढे विदर्भात हेच काम वेगळ्या वाटेने झाले. तिथे निवाडा पंडितांकडून काढून गावाकडे सोपवला गेला.

अशा गावांपैकी एक उदाहरणादाखल घेऊ. भंडारा–पवनी रस्त्यावरचे अड्याळ हे पवनी तालुक्यातले मोठे गाव प्राचीन हनुमान मंदिरासाठी ओळखले जाते. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत ते मोडते. धानाची शेती, मालगुजारांनी बांधलेले तलाव, दंडार आणि खडी गंमत या लोककला ही या मुलखाची ओळख. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, पण गावातला मान आणि धाक एका कायद्याने संपत नसतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. वाचता येणारे थोडे होते आणि ऐकणारे सगळे. कुणबी, तेली, कोष्टी, ढिवर, गोंड, महार अशी अनेक समाजांची वस्ती जवळजवळ असली, तरी पाणवठे आणि पंगती वेगळ्या होत्या. अशा गावांना काही पटवायचे तर लिहिलेले कानाला गोड लागले पाहिजे, आणि पहिल्याच वाक्याला कोणी उठून जाता कामा नये.

अमरावती जिल्ह्यातल्या दोघांनी ही अट नेमकी ओळखली होती. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगे महाराज वऱ्हाडी बोलीत कीर्तन करत. त्यांचे कीर्तन म्हणजे बहुतांशी प्रश्नच असत, आणि उत्तरे समोर बसलेले लोक देत. स्वतःच्या तोंडून निघालेले उत्तर माणसाला सहसा नाकारता येत नाही. दुसरे तुकडोजी महाराज. यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे यांना वरखेडच्या आडकोजी महाराजांकडून हे नाव मिळाले. खंजेरीवर भजन म्हणत ते रामटेक, चिमूर, गोंदोडा या भागांत हिंडले. १९३५ मध्ये मोझरीला त्यांनी गुरुकुंज आश्रम उभारला. १९४२ च्या आंदोलनात चिमूर पेटले तेव्हा त्यांनाही अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले.

१९५५ ची ग्रामगीता ही याच रीतीने लिहिलेली विदर्भातली सर्वांत मोठी रचना. तिचे ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. ग्रंथाची सुरुवात पंढरपूरच्या वाळवंटातून होते. ग्रामसुधारणेचे पुस्तक चंद्रभागेच्या काठावरून सुरू करण्यामागे पक्का विचार आहे. वारकऱ्याला, माळकऱ्याला, देवळात रोज जाणाऱ्या म्हाताऱ्याला त्या जागेबद्दल काही समजावून सांगावे लागत नाही. पहिल्याच अध्यायात देव विश्वात भरलेला आहे हे सर्वमान्य सूत्र येते, आणि त्यातूनच गाव हे त्या देवाचे रूप, गावाची सेवा ही पूजा, असे पुढचे पाऊल पडते. पहिले मान्य केलेल्या माणसाला दुसरे झटकता येत नाही. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी गुरू, शास्त्र आणि स्वानुभव या तिघांची संमती सांगितली आहे. त्यांपैकी पहिले दोन आधार परंपरा मानणाऱ्याचे, आणि तिसरा ज्याच्या त्याच्या जवळचा.

या लेखनाचे खरे कौशल्य दिसते ते प्रारब्धवादाच्या अध्यायात. नशिबात असेल तेच होणार, या समजुतीमुळे गावोगावी सुधारणेची कामे अडत. या समजुतीला खोटे म्हणणारा वक्ता त्या काळच्या चावडीवर फार वेळ टिकला नसता. तुकडोजी प्रारब्ध नाकारत नाहीत. प्रारब्ध म्हणजे मागच्या कर्माचे फळ, हे ते श्रोत्याकडूनच घेतात. मग आज केलेले कर्म हेच उद्याचे प्रारब्ध ठरते, आणि हातावर हात ठेवून बसलेला माणूस उद्यासाठी रिकामे नशीब मागे ठेवतो. पुढचा अध्याय प्रयत्नावर आहे. श्रोता आपल्याच श्रद्धेच्या वाटेने चालत विरुद्ध टोकाला पोहोचतो, आणि वाटेत कुठेही त्याचा अपमान होत नाही.

देवळांबाबतही हेच. अड्याळसारख्या गावाचा अभिमान तिथल्या मारुतीच्या देवळात असतो. तिथे देवळाची टवाळी करणारे पुस्तक कोणी हातात धरणार नाही. ग्रामगीता देऊळ मान्य करते आणि मग विचारते की तिथे स्वच्छता आहे का, ज्ञान मिळते का, सर्वांना प्रवेश आहे का. अंत्यसंस्कार, सण-उत्सव, यात्रा-मेळे या अध्यायांतही प्रथेमागचा चांगला हेतू आधी मान्य केला जातो, आणि त्याच हेतूच्या नावाने उधळपट्टी आणि घाण यांच्याविरुद्ध बोलले जाते. तुकडोजींच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांतून हे विचार सामुदायिक प्रार्थनेच्या रूपाने गावोगाव गेले. याच ग्रंथाच्या प्रेरणेने तुकडोजींचे अनुयायी गीताचार्य तुकारामदादा यांनी अड्याळ टेकडीवर काम उभे केले. ही टेकडी चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यात आहे. नावसारखेपणामुळे भंडाऱ्याच्या अड्याळशी तिची गल्लत होते, म्हणून हा फरक सांगणे भाग आहे.

या रीतीची मर्यादाही भंडारा जिल्ह्याने पाहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून उभे राहिले आणि पराभूत झाले. समान भूमी शोधण्याचा प्रयत्न त्यांनी आधी केला होता. १९३० पासून पाच वर्षे चाललेला नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह म्हणजे, तुमचा देव आमचाही आहे, हेच सांगणे होते. ते ऐकले गेले नाही. १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा. ग्रामगीतेत दलितसेवेवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातली कळकळ खरी आहे. तरीही ज्या परंपरेने एका समाजाला उंबऱ्याबाहेर ठेवले, तिलाच समान भूमी मानून चला, असे त्या समाजाला सांगणे अन्यायाचे होते. मनधरणीचा भार नेहमी पीडितानेच का वाहावा, या प्रश्नाला या रीतीपाशी उत्तर नव्हते. नव्या बौद्धांनी आपली भूमी वेगळी आणि अधिक जुनी निवडली. १९६९–७० मध्ये पवनीला उत्खननात प्राचीन स्तूपांचे अवशेष उजेडात आले, तेव्हा ती याच तालुक्याच्या मातीतही सापडली.

त्यानंतरच्या काळात या रीतीचा सर्वांत कठीण कस लागला तो जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यात. करणी आणि भानामतीच्या संशयावरून माणसांना मारहाण होणे, हे पूर्व विदर्भाचे जुने दुखणे. अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीतले डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि नागपूरचे श्याम मानव यांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. वारकऱ्यांमधून विरोध झाला, कारण कीर्तन आणि वारीवर गदा येईल अशी भीती होती. दाभोलकर भाषणांत आणि लेखनात सतत संतांचाच आधार घेत राहिले. मसुदाही पुन्हा पुन्हा लिहिला गेला. ‘अंधश्रद्धा’ हा वादाचा शब्द कायद्याच्या नावातून गेला, आणि तिथे नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा हे शब्द आले. ज्याला कोणताही भाविक पाठिंबा देणार नाही, तेवढेच नावात उरले. कोणती कृत्ये गुन्हा, याची स्वतंत्र अनुसूची जोडली गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. प्रदक्षिणा, यात्रा, हरिकीर्तन, प्रवचन आणि भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्याच्या एका कलमात स्पष्ट लिहिलेले आहे.