नळीची किंमत

बंदुकीचा दस्ता वाळवी खाते, घोडा झिजतो, चाप मोडतो. शेवटी राहते ती नळी. सह्याद्रीच्या कडेला, भुदरगड-आजऱ्याकडं, जुन्या घराचा माळा झाडायला काढला की तुळईला टेकलेली अशी एखादी नळी हाताला लागते. ती कुणाची, कधीची, हे सांगणारं माणूस घरात उरलेलं नसतं. मग घरातले दोन तट पडतात. एक म्हणतो ठेवा, दुसरा म्हणतो विका. आणि विकायची तर कितीला?

या मुलखात हत्यार लपवायला कारणं होती. १८४४ साली गडकऱ्यांचं बंड झालं, ते सामानगड-भुदरगडावरच. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात सत्तावीसाव्या पलटणीनं उठाव केला. उठाव मोडल्यावर सरकारनं लोकांची हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. १८७८ च्या कायद्यानं तर ब्रिटिश मुलखात परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरला. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. राजाच्या लेखी जे हत्यार, ते शेतकऱ्याच्या लेखी राखणीचं अवजार. डुकरं एका रात्रीत भाताचं वावर लोळवतात. त्यांना कायदा कोण वाचून दाखवणार?

आमच्या वाडीत नळीचं मोल सांगायला लोक माझ्या आजोबांकडं यायचे. ते काही बंदुका करणारे नव्हते. पण ठासणीची बंदूक घेऊन माळ्यावर रात्री जागवण्यात जन्म गेलेला. गिऱ्हाईक दस्त्यावरची पितळी फुलं न्याहाळायला लागलं की ते म्हणायचे, "लाकूड काय बगतोस? लाकूड सुतार उद्या करून दील. नळी बग, नळी."

ठासणीच्या नळीचं मागचं तोंड बंद असतं. म्हणून त्यांचं पहिलं काम ठरलेलं. नळीचं तोंड माणसांपासून लांब धरून गज आत सोडायचा, तोंडाशी चिमटीनं खूण धरायची, आणि तोच गज बाहेरून नळीला लावून बघायचा. गज बुडापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे, आणि ते काहीतरी बहुधा भरलेला बारच. काळी दारू कोरडी राहिली तर पन्नास वर्षांनीही पेट घेते. नळी रिकामी आहे हे कळल्याशिवाय ते भावाचं नाव काढत नसत.

मग बोटं फिरायची. नळीला कुठं फुगवटा आलाय का, बुडाकडची जाडी किती उरलीय, केप बसते तिथं गंजानं खड्डा पडलाय का. बार तिथं फुटतो, म्हणून जोरही तिथंच बसतो. काळ्या दारूची राख ओल धरते. गरम पाण्यानं धुऊन तेल न दिलेली नळी आतून सडते, आणि वरून मात्र चकाकत राहते.

दुनळी बारा बोअरची तऱ्हा वेगळी. तिच्या नळ्या दस्त्यापासून सोडवता येतात, दोन्ही तोंडं उघडी. आभाळाकडं धरून आरपार बघितलं की आतल्या भिंतीवर उजेडाची कडी दिसतात. कडं मोडलं तिथं पोचा समजायचा. नळ्या दोरीला टांगून नखानं टिचकी मारली की घंटेसारखा आवाज यावा. बद्द आवाज आला तर मधला सांधा सुटला. बारा बोअर म्हणजे काय, हेही आजोबांनीच सांगितलं. एक रत्तल शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक त्या नळीत बसते. म्हणून आकडा वाढला की तोंड लहान होत जातं.

खरी ओळख मात्र नळीच्या पोटाशी असते, लाकडाखाली झाकलेली. बर्मिंगहॅमला १८१३ च्या कायद्यानं नळ्या तपासायचं घर निघालं. जादा बार भरून नळी उडवून बघायची, टिकली तर ठसा मारायचा: मुकुट आणि त्याखाली फुलीसारखे दोन राजदंड. बेल्जियममधल्या लिएजच्या नळीवर लंबगोलात ई-एल-जी अशी अक्षरं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बिनधुराची दारू आली, तेव्हा त्या दारूवर तपासलेल्या नळीला 'नायट्रो'चा वेगळा ठसा आला. ही रीत आपल्याला नवी नव्हती. अकबराच्या कारखान्यातल्या बंदुकीवर लोखंडाचं वजन, कारागीर, ठिकाण आणि तारीख नोंदत असत, असं 'आईन-ए-अकबरी'त आहे. पत्रा नुसता वळवून कड जोडली की नळ्या फुटत. म्हणून लोखंड तिरकं गुंडाळून, थर तापवून जोडायची पद्धत तिथं सांगितली आहे.

असल्याच गुंडाळीच्या नळीवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. युरोपातही लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून अशा नळ्या करत. नक्षी बघून माणूस भुलतं. आमच्या शेजारच्या वाडीत एकानं अशीच लाटांची नळी आणली. आजोबांनी बोट फिरवून सांगितलं, "दस्त्यासकट भितीला टांग. बार भरू नगस." घेणाऱ्याला वाटलं, म्हातारा भाव पाडतोय. पुढं त्यानं काडतूस फोडून त्यातली दारू त्या नळीत ठासली. पिळाच्या नळीला काळ्या दारूचा दाब सोसतो. बिनधुराच्या दारूचा जोर वेगळा. नळी बुडाशी उकलली आणि डाव्या हाताची दोन बोटं गेली. किंमत त्यानं नळीला दिली होती ती वेगळी, आणि ही वेगळी.

१९५९ च्या कायद्यानं भावाचं गणित बदललं. त्या कायद्यात हत्याराचा सुटा भागही हत्यारच, म्हणजे नुसती नळीसुद्धा बंदूक. परवान्याशिवाय ती आखूड करणंही गुन्हा. दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनाट वस्तू तेवढी वगळली आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंधनं आली आणि दुनळीचं गावातलं गिऱ्हाईक आटलं. ऐंशीच्या दशकात बाहेरून हत्यारं येणं थांबलं, तशी शहरात विलायती दुनळीला चढी किंमत आली. आमच्या ठासणीला मात्र शेतराखणीचा परवाना ज्याच्याकडं, तेवढंच गिऱ्हाईक.

आजोबा गेले तेव्हा परवानाही त्यांच्याबरोबर संपला. बंदूक ठाण्यात जमा झाली. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार होता. थोरल्या चुलत्यांना ते पटत होतं, वडिलांना नाही. अशा जुन्या नळीची चुलीची फुंकणी केलेलीही आम्ही पाहिली होती. शेवटी शेतराखणीचा परवाना असलेल्या चुलतभावानं घ्यायची ठरवली. विकायचा बेत लेखी कळवायचा, पंचेचाळीस दिवस थांबायचं, मग नाव फिरायचं. पैसे फार आले नाहीत. पण ज्या कामासाठी नळी घरात आली, त्याच कामावर ती राहिली.

तीन पिढ्यांत त्या एका लोखंडाला तीन मापं लागली: आधी जोराचं, मग वजनाचं, शेवटी कागदाचं. माळ्यावर तुम्हांला अशी नळी सापडली, तर ती भरलेलीच आहे असं धरून चाला. चुलीपासून लांब ठेवा, घासायला-कापायला जाऊ नका, आणि ठाण्यात कळवा. भावाची बोली त्यानंतर.