कातडे, रबर आणि नळ

कृत्रिम पायाचा विषय निघाला की आपल्याकडे ऋग्वेदातील विश्पलेचा दाखला दिला जातो. लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवला, अशी ती कथा. असेल. पण त्या कथेनंतर हजारो वर्षे खानदेशातल्या शेतमजुराचा पाय गेला तर त्याच्या वाट्याला बाभळीची काठीच आली. म्हणून हा इतिहास मला विश्पलेपासून नव्हे, माझ्या बापापासून सांगावासा वाटतो.

माझा बाप धुळ्याजवळच्या एका खेड्यात कातड्याचे काम करी. मोट शिवणे, तिची सोंड दुरुस्त करणे, पायताणे बांधणे ही त्याची कामे. विहिरींवर इंजिने बसली, मोटा बंद पडल्या आणि त्याच्या हातचा धंदा गेला. पोटासाठी तो जळगावकडच्या एका जिनात हंगामी मजूर म्हणून लागला. १९६९ साली तेथे त्याचा उजवा पाय पट्ट्यात सापडला. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला. जिनवाल्याने महिन्याची मजुरी दिली आणि हिशेब मिटवला.

कृत्रिम पाय बनवणाऱ्या संस्था देशात नव्हत्या असे नाही. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली, महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी सुरू झाले. मुंबईत हाजी अलीची संस्था १९५५ साली निघाली. कानपूरचा सरकारी कारखाना १९७२ सालचा. पण मापाला एकदा, बसवायला पुन्हा, दुरुस्तीला तिसऱ्यांदा, अशा खेपा घालायच्या तर मजुरी बुडते आणि गाडीभाड्याला कर्ज काढावे लागते. बापाने तेही केले आणि एका मोठ्या शहरातून पाय आणला.

तो पाय लाकडाचा, पोलादी पट्ट्यांचा, मांडीला आवळायच्या कातडी पट्ट्याचा. खाली ताठ पाऊल आणि त्यावर बूट. १९५० नंतर अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात 'सॅच' नावाचे पाऊल तयार झाले. आत लाकडी कणा, टाचेत मऊ रबर, घोट्याला सांधा नाही. बूट घालून सपाट रस्त्यावर चालणाऱ्या आणि खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी ते चांगलेच होते. आमच्या घरात खुर्ची नव्हती. जेवायला मांडी घालायची, शौचाला उकिडवे बसायचे, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलातून वाट काढायची. बापाने पहिल्याच दिवशी पट्ट्याचे कातडे हाताने चाचपून सांगितले होते की घाम आणि पाणी लागले की हे कुजणार. दुसऱ्या पावसाळ्यात ते कुजले. पाय खुंटीला टांगला गेला आणि काठी परत आली.

इथे प्रश्न केवळ किमतीचा नाही. पाय बनवताना कोणता माणूस डोळ्यांसमोर ठेवला, हा प्रश्न आहे. अनवाणी, जमिनीवर बसणारा, पाण्यात राबणारा माणूस त्या आराखड्यात नव्हताच.

तो माणूस प्रथम आराखड्यात आला तो जयपूरला, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस. तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिरोगतज्ज्ञ होते, आणि रामचंद्र शर्मा हे कारागीर तेथे रुग्णांना हस्तकला शिकवीत. शर्मांचे शालेय शिक्षण जेमतेम. टायर रिमोल्डिंगच्या दुकानात रबर साच्यात घालून भाजताना पाहून त्यांना पावलाची युक्ती सुचली, असे सांगतात. त्या पावलात टाच आणि चवडा स्पंज रबराचा, घोट्याचा ठोकळा लाकडाचा. त्यांवर टायरच्या धाग्याच्या पट्ट्या आणि कातडीच्या रंगाचे रबर चढवायचे, आणि सारे साच्यात घालून भाजायचे. हे पाऊल वाकते, बाजूला कलते, भिजले तरी चालते. बूट लागत नाही. उकिडवे बसता येते. हाच पुढे जगभर गेलेला 'जयपूर फूट'. तो गावोगाव नेण्यासाठी १९७५ साली भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन झाली.

१९८१ साली डॉ. सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचे काम मोठे होते, यात शंका नाही. शरीराच्या हाडासांध्यांचे ज्ञान त्यांचे होते, आणि कारागिराला शेजारी बसवून त्याचे ऐकण्याचा मोठेपणाही होता. पण गौरवाच्या यादीत रामचंद्र शर्मांचे नाव बराच काळ मागेच राहिले. ज्या समाजात हाताला खालचे आणि पोथीला वरचे स्थान आहे, तेथे हे आश्चर्याचे नाही. म्हणूनच ते पुन्हा पुन्हा लिहिले पाहिजे.

पावलाच्या वरची नळी सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, हातोडीने ठोकून घडवलेली असे. ती हलकी, पण तिला पोचे पडत. पुढे पाण्याच्या नळाला वापरतात ते एच.डी.पी.ई. प्लास्टिक आले. १९९६ साली जळगावच्या एका शिबिरात बापाला असा पाय मिळाला. उरलेल्या पायाचा प्लास्टरचा ठसा घेतला, त्यावरून भरीव साचा केला, नळाचा तुकडा भट्टीत तापवून मऊ केला आणि साच्यावर ओढून चढवला. बाप टक लावून पाहत होता. ओले कातडे फर्म्यावर कसे चढवतात हे त्याला ठाऊक होते. कारागीर कुठे जोर देतो, कुठे सैल सोडतो, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागले नाही. ज्या मोटा शिवून त्याने पोट भरले त्यांची जागा इंजिनाने आणि नळाने घेतली होती. आता त्याच नळाचा त्याचा पाय झाला. घरी येताच तो पायाने चिखलात उतरला आणि मायला म्हणाला, "हाऊ मना पाय शे."

दोषही सांगितले पाहिजेत. हाताने केलेले काम एकसारखे होत नाही. माप चुकले तर उत्तम प्लास्टिकही कातडी सोलते, आणि उन्हाळ्यात आत घाम साचतो. शिबिराच्या फलकावर दात्यांची नावे मोठी होती, हारतुऱ्यांसह फोटोही निघाले. पण तळवा झिजल्यावर कोणाकडे जायचे हे कोणी सांगितले नाही. बापाने स्वतःच टायरचा तुकडा कापून तळव्याला चिकटवला. टिकाऊ वस्तू म्हणजे केवळ न मोडणारी नव्हे. मोडली तर जवळपास दुरुस्त होणारी.

१९९५चा अपंग व्यक्ती कायदा आणि त्यानंतरचा २०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा यांनी ही गोष्ट दयेकडून हक्काकडे आणली. पण कागदावरचा हक्क चालता व्हायचा तर तालुक्याच्या गावी रबर, प्लास्टिक आणि मापाचे ज्ञान असलेला माणूस बसला पाहिजे. फर्मा आणि रापी चालवणारे हात आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांना हे शिक्षण द्या, पगार द्या आणि कामावर त्यांचे नाव लिहा. माझ्या बापाच्या तळव्यावरचे ते ठिगळ अखेरपर्यंत सुटले नाही.