चौथ्या गिअरची किंमत

पॉन्टिॲक जीटीओची गोष्ट सांगणारे बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. १९६४ साल, ३८९ घनइंचांचं व्ही-८, ३२५ हॉर्सपॉवर. मी त्या गाडीच्या कागदावर आधी गिअरबॉक्सची ओळ शोधतो. माझी सगळी नोकरी गिअरच्या दात्यांत गेली, आधी पिंपरीत आणि नंतर डेट्रॉइटजवळ, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजिन कोणतं हवं हे गिऱ्हाईक घरूनच ठरवून यायचं, त्या इंजिनासाठीच तर ते आलेलं असायचं. गिअरबॉक्स मात्र शोरूममधल्या टेबलावर ठरायचा. साठच्या दशकातल्या अमेरिकन मसल कारचा निम्मा इतिहास त्या टेबलावर घडला, आणि तो फारसा कोणी लिहीत नाही.

जीटीओ हे मुळात गाडीचं नावच नव्हतं. मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिॲकचे जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी यांनी मोठ्या गाडीचं इंजिन टेम्पेस्ट या मध्यम आकाराच्या गाडीत बसवून पाहिलं. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा साहित्याच्या यादीला नव्हता. म्हणून टेम्पेस्ट लेमान्सवर साधारण २९५ डॉलरचं एक 'पॅकेज' म्हणून जीटीओ यादीत आली. विक्रीप्रमुखांनी जेमतेम पाच हजारांची तयारी दाखवली होती. पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या.

या पॅकेजमध्ये गिअरबॉक्स कोणता होता? तीन गिअरचा, हाताने टाकायचा, हर्स्ट कंपनीच्या दांड्यासकट. जाहिरातीतली किंमत याच गाडीची. चार गिअर हवे असतील तर वर दोनशे डॉलरच्या आतबाहेर, ऑटोमॅटिक हवा असेल तरी जवळपास तेवढेच. विकण्याची पहिली युक्ती इथे दिसते. तीन गिअरचा बॉक्स गिऱ्हाइकाला दारापर्यंत आणण्यासाठी होता. वर्तमानपत्रातला आकडा वाचून पोरगा यायचा, आणि त्याला चार गिअरची गाडी शेजारीच उभी दिसायची. मग सेल्समन दोनशे डॉलर हा शब्द उच्चारायचाच नाही. छत्तीस हप्त्यांत वाटले की महिन्याला सहा डॉलरच्या आसपास पडतात. त्या काळी आठवड्याला शंभर डॉलर कमावणाऱ्या कारखान्यातल्या पोराला सहा डॉलर जड वाटत नव्हते. मागचा ॲक्सल, रेडिओ, टॅकोमीटर, प्रत्येकाचे असेच दोन-तीन डॉलर, आणि बघता बघता हप्ता भलताच व्हायचा.

तरी हे टेबल पूर्वीपेक्षा बरंच सभ्य झालेलं होतं. पन्नासच्या दशकात डीलर गाडीची किंमत मनाला येईल तेवढी फुगवायचे. याला धंद्यात 'पॅक' म्हणायचे. फुगवलेल्या किमतीतून गिऱ्हाइकाच्या जुन्या गाडीला घसघशीत भाव दाखवता यायचा. आपल्याला जुन्या गाडीचे जास्त मिळाले म्हणून माणूस खूश व्हायचा, आणि तेच पैसे नव्या गाडीत भरून जायचा. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मोनरोनी यांनी १९५८ मध्ये कायदा करून घेतला, की प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कारखान्याची किंमत, जादा साहित्याची प्रत्येक ओळ आणि वाहतुकीचा खर्च छापील लावलाच पाहिजे. त्या कागदाला अमेरिकेत अजून त्यांच्याच नावाने ओळखतात. डीलरला आवर घालायला आलेला हा कागद डीलरने लवकरच कामाला लावला. यादीतल्या ओळीवर बोट ठेवून 'ही तुमच्याकडे नाही' असं सांगता येऊ लागलं. मला त्या कायद्याबद्दल मनापासून आदर आहे, कारण आज पन्नास-साठ वर्षांनी कोणती गाडी कारखान्यातून कशी निघाली याचा जो थोडाफार पुरावा उरला आहे, त्यात या कागदाचा मोठा वाटा आहे.

आता गिअरबॉक्सकडे. शेव्हरोले आणि पॉन्टिॲकचा चार-गिअरचा बॉक्स इंडियाना राज्यातल्या मन्सी गावात व्हायचा, म्हणून त्याचं नावच मन्सी पडलं. १९२९ साली लिंड दांपत्याने 'मिडलटाउन' या नावाने ज्या गावाचा अभ्यास छापला आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ करायला लावला, तेच हे गाव. याआधी शेव्हरोलेला चार-गिअरचा बॉक्स पुरवणारी वॉर्नर गिअरही मन्सीचीच. एका मध्यम गावाने अख्ख्या पिढीच्या उजव्या हाताला काम दिलं.

मन्सीचे तीन प्रकार होते. एम-२० मध्ये पहिला गिअर २.५२ गुणोत्तराचा, म्हणजे गाडी जागची सहज उठते, पण गिअरमधली अंतरं मोठी. एम-२१ मध्ये पहिला २.२० चा आणि बाकीचे जवळजवळ. गिअर बदलल्यावर इंजिनाचे फेरे फारसे पडत नाहीत, म्हणून शर्यतीत हा उपयोगी. पण मागे तीव्र गुणोत्तराचा ॲक्सल नसेल तर सिग्नलवरून गाडी उठवताना क्लच घासत राहतो. आणि तिसरा एम-२२. गुणोत्तरं एम-२१ चीच, फक्त दात्यांचा तिरकसपणा कमी केलेला. तिरके दाते एकमेकांत हळूहळू शिरतात म्हणून शांत चालतात, पण ते शाफ्टला बाजूला ढकलत राहतात, आणि त्या ढकलण्यातून उष्णता आणि झीज येते. दाते सरळ करत नेले की ढकलणं कमी होतं, ताकद वाढते आणि आवाजही वाढतो. कुठलीही जुनी गाडी रिव्हर्समध्ये घेताना जी किणकिण ऐकू येते ती सरळ दात्यांची. एम-२२ चा तसाच दळल्यासारखा आवाज चारचौघांत वेगळा ऐकू यायचा, म्हणून पोरांनी त्याला 'रॉक क्रशर' म्हणजे खडीयंत्र म्हटलं. अभियंत्याच्या दृष्टीने तो आवाज ही मोजावी लागलेली किंमत होती. सेल्समनने तोच आवाज विकला. मला यात लबाडी दिसत नाही. ज्या माणसाला आवाज हवा आहे त्याला तो पैसे घेऊन देणं हा प्रामाणिक व्यवहार आहे. लबाडी असलीच तर बाजारहाटाला आणि नोकरीला गाडी नेणाऱ्याच्या गळ्यात एम-२१ मारण्यात होती.

आपल्याकडून आलेल्या माणसाला या सगळ्यातली एक गोष्ट चटकन कळते: दांडा जमिनीवर असण्याचा मान. मुंबईत टॅक्सीच्या पद्मिनीला स्टिअरिंगचा गिअर होता. पद्मिनी बनवणारी कुर्ल्याची प्रीमियर कंपनी त्याआधी क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जोडत असे. अमेरिकेतही साध्या घरगुती गाडीचा गिअर स्टिअरिंगलाच असायचा. दांडा जमिनीवर आला की गाडी वडिलांची राहत नसे. जॉर्ज हर्स्ट यांना हे नेमकं कळलं होतं. पेन्सिल्व्हेनियातल्या त्यांच्या कारखान्याचा दांडा मोठ्या कंपन्यांच्या दांड्यांपेक्षा घट्ट बसायचा. जीटीओच्या दांड्यावर हर्स्टचं नाव कोरलेलं असायचं. पुरवठादाराचं नाव चालकाच्या तळहाताखाली ठेवायला डेट्रॉइटची कंपनी तयार झाली, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

हे करवून घेण्यामागे जिम वँगर्स होते. पॉन्टिॲकच्या जाहिरात संस्थेतला हा माणूस जाहिरात लिहून थांबत नव्हता. रॉयल ओकमधल्या एस विल्सन यांच्या रॉयल पॉन्टिॲक या डीलरशी त्यांनी संधान बांधलं. तिथे 'बॉबकॅट' नावाने गाडीची जुळणी करून मिळायची: कार्ब्युरेटरचे जेट, पातळ गॅस्केट, ठिणगीची वेळ. हे साहित्य टपालानेही जायचं. मासिकांच्या वार्ताहरांना चालवायला दिलेल्या गाड्या याच दुकानातून निघायच्या. मार्च १९६४ च्या 'कार अँड ड्रायव्हर'ने जीटीओला फेरारी जीटीओच्या बरोबरीला बसवलं. त्या चाचणीच्या गाडीत ३८९ ऐवजी ४२१ घनइंचांचं इंजिन होतं, हे वँगर्स यांनी अनेक वर्षांनी कबूल केलं. तोवर तो अंक वाचून हजारो पोरांनी सह्या करून टाकल्या होत्या. मला हे खटकतं, आणि वँगर्स यांची कल्पकता मान्य करूनही खटकतं.

शिकागोचे नॉर्म क्राउस, म्हणजे 'मिस्टर नॉर्म', मला अधिक सरळ वाटतात. ग्रँड स्पॉल्डिंग डॉज या त्यांच्या शोरूममध्ये गाडी डायनो या ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवून जुळवून द्यायचे. गाडी किती ताकद देते हे गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांनी दिसायचं. क्रायस्लरने तर शोरूममध्ये शाळाच भरवली. १९६७ पासून रॉनी सॉक्स आणि बडी मार्टिन ही नॉर्थ कॅरोलायनाची जोडी प्लिमथ डीलरांकडे जाऊन 'सुपरकार क्लिनिक' घ्यायची. सॉक्स म्हणजे चार गिअर टाकण्यातला त्या काळातला सर्वांत मोठा हात. ज्याचा शनिवार-रविवार ड्रॅग स्ट्रिपवर जातो तो माणूस मंगळवारी संध्याकाळी तुमच्या गावच्या डीलरकडे येऊन क्लच आणि दांड्याबद्दल बोलतो. ऐकायला आलेल्यांपैकी काही जण त्याच दाराने गाडी घेऊन बाहेर पडणार, हे डीलरला कळत होतं, आणि पोरांनाही खरं ज्ञान मिळत होतं.

आता जी गोष्ट सेल्समन सहसा मोठ्याने सांगत नसे ती. बहुतेक चालकांच्या हातात ऑटोमॅटिक गाडी जास्त वेगाने निघायची. जीटीओचा १९६४ चा ऑटोमॅटिक दोनच गिअरचा होता, तो सोडून द्या. पण क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट तीन गिअरचा, पहिला २.४५ चा, आणि त्यापुढे टॉर्क कन्व्हर्टर गाडी उठताना टॉर्क जवळपास दुप्पट करतो. हा हिशेब कागदावर मांडला की चार-गिअरवाल्याची दमछाक कळते. त्याला एकेका बदलाला क्लच दाबावा लागतो आणि त्या क्षणी चाकांना काहीच मिळत नाही. सॉक्ससारखा हात असेल तर गोष्ट वेगळी. बाकीचे क्लच जाळायचे, नाहीतर ॲक्सल. १९६९ मध्ये ४४० घनइंचांचं इंजिन डॉज डार्टमध्ये आलं, तेव्हा कंपनीने ती गाडी फक्त ऑटोमॅटिकमध्येच दिली. हेमी या कंपनीच्या बलाढ्य इंजिनाबरोबर चार गिअर घेतले तर मागे डाना कंपनीचा भक्कम ॲक्सल यायचा, ऑटोमॅटिकला क्रायस्लरचा नेहमीचा पुरायचा. मोडतोड कुठे होते हे वॉरंटीच्या टेबलावर रोज दिसत होतं.

इलिनॉयच्या ला हार्प या छोट्या गावातल्या फ्रेड गिब यांनी यातून धंदा काढला. ड्रॅग शर्यतीत ऑटोमॅटिकचे वर्ग वेगळे असायचे. शेव्हरोलेच्या ३९६ घनइंचांच्या जोरकस नोव्हाला त्या वर्गात उतरवायचं, तर कारखान्याने तिला तीन-गिअरचा ऑटोमॅटिक द्यायला हवा होता, आणि तो यादीत नव्हता. १९६८ मध्ये गिब यांनी पन्नास गाड्यांची ऑर्डर देऊन तो करून घेतला. पुढच्या वर्षी त्यांनी ॲल्युमिनियमच्या झेडएल-१ इंजिनाच्या पन्नास कॅमेरो मागवल्या. किंमत आली ७,२०० डॉलरच्या वर, साध्या कॅमेरोच्या दुपटीहून जास्त. मक्याच्या शेतांमधल्या गावात त्या खपेनात, आणि बऱ्याचशा शेव्हरोलेने परत घेऊन इतर डीलरांना वाटल्या.

प्लिमथ रोड रनरने १९६८ मध्ये हिशेब उलटा केला. २,८९६ डॉलरच्या गाडीत ३८३ इंजिन आणि चार गिअर मुळातच, जादा पैसे ऑटोमॅटिकला. ती धडाधड विकली गेली. आणि १९७० मध्ये तीन गिअरचा बॉक्स पुन्हा मुळात आला, चार गिअरना पुन्हा वेगळी ओळ मिळाली. विमेवाल्यांनी हॉर्सपॉवरवर दर चढवले होते, आकडा खाली दिसणं डीलरला गरजेचं झालं होतं.

आज चार गिअरच्या गाडीला बाजारात कितीतरी जास्त भाव आहे. १९७१ च्या प्लिमथ हेमी कूडा कन्व्हर्टिबल अमेरिकेत चार गिअरच्या दोनच विकल्या गेल्या. त्यांतली एक २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. याचा परिणाम साध्या गाड्यांवर होतो. मूळ ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये क्लचचं पॅडल बसवून, जमिनीला भोक पाडून चार गिअर घातले जातात आणि त्या मूळच्या म्हणून विकल्या जातात. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. ज्या रस्त्यावर रॉयलची पोरं रात्री शर्यती लावायची तोच हा रस्ता. तिथे अशी गाडी बघितली की मला राग येतो, कारण कोणीतरी १९६८ मध्ये टेबलावर बसून विचार करून जी ओळ निवडली ती आपण खोडतो आहोत.

म्हणून इथली मराठी मंडळी जुनी गाडी घ्यायला निघाली की मी आधी बॉनेट उघडायला सांगतो. क्रायस्लरच्या गाडीत आत पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर डी-२१ असेल तर चार गिअर, डी-३२ असेल तर भारी टॉर्कफ्लाइट. पट्टीही खोटी बनवतात, म्हणून सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसलेला कारखान्याचा कागद शोधायचा. पॉन्टिॲकच्या मूळ नोंदी अजून मागवता येतात. शेव्हरोलेच्या मन्सीवर शिक्का असतो, तो गाडीच्या नंबरशी जुळवायचा. ओळखीच्या एका मुलाने यंदा रोड रनर घेतली. गाडीत चार गिअर, पट्टीवर डी-३२. विकणाऱ्याने मूळ टॉर्कफ्लाइट कोपऱ्यात ठेवला होता आणि भंगारात द्यायला निघाला होता. मुलाने तो मागून घेतला आहे. सील नवीन लागतील, क्लच प्लेटा तपासाव्या लागतील. दिवाळीनंतर आम्ही तो उघडणार आहोत.